सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट

मामांनी खुर्चीत बसता बसताच निदान सांगून टाकलं. "अगं, चाळीस वर्षं कीर्तन केलं. जातं फिरलं की झिजतं, तसे दात झिजले. तू आपली टोपणं घालून दे."

टोपणं म्हणजे कॅप. थोरले मामा, आईचे सख्खे भाऊ, फलटणजवळच्या गावी असतात. गळ्यात माळ, आणि आसपास कुठेही सप्ताह बसला की एक दिवसाचं कीर्तन त्यांचं ठरलेलं. मी वाईला गेली एकोणीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. कवळ्या आणि कॅप हाच माझा विषय. तरी मामा स्वतःचे दात दाखवायला पहिल्यांदाच आले होते. दुखत काहीच नव्हतं. त्यांच्या एका तरुण टाळकऱ्याने मोबाइलवर कीर्तनाचं चित्रण करून त्यांना ऐकवलं होतं आणि त्यात त्यांचा 'स' शिट्टीसारखा वाजत होता. "संत म्हणताना मध्येच वारं सुटतं," ते म्हणाले. "आणि विठ्ठल पहिल्यासारखा येत नाही. खालचा ओठ दात शोधत बसतो."

हे शेवटचं वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं. इतक्या वर्षांत कुणा पेशंटने इतकं नेमकं सांगितलेलं मला आठवत नाही.

वरचे पटाशीचे दात साधारण साडेदहा-अकरा मिलिमीटर उंच असतात. मामांचे सात भरले. कडा सपाट झालेल्या, मधोमध पिवळं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडलेलं आणि भोवती इनॅमलची, म्हणजे बाहेरच्या कवचाची, पांढरी किनार. इनॅमल म्हणजे शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. पण त्याची जाडी फार तर दोन-अडीच मिलिमीटर. ते एकदा गेलं की आतलं डेंटिन भराभर झिजतं. एवढं होऊनही दुखत नव्हतं याचं कारण झीज सावकाश झाली होती. दात अशा वेळी आतून नवं डेंटिन लिंपत जातो आणि नस मागे मागे सरकते.

बोलून बोलून दात झिजतात हा समज मला नवा नव्हता. शिक्षक म्हणतात, वकील म्हणतात, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरही म्हणाले होते. ऐकायला पटतंही, कारण बोलताना जबडा सारखा हलताना दिसतो. पण हलणं वेगळं आणि घासणं वेगळं. 'आ' म्हणताना जबडा खाली पडतो. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ मिटतात, आत दात मात्र वेगळेच असतात. 'क', 'ग' तर पार मागे, जिभेच्या मुळाशी होतात. जबडा सगळ्यात वर चढतो तो 'स', 'च', 'ज' म्हणताना. तेव्हाही बहुतेकांच्या वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांत एक-दीड मिलिमीटरची फट उरते. जबडा वर येतो, दाताला दात लागणार असं वाटतं, आणि तिथेच थांबून परत फिरतो. हे दिवसभरात हजारो वेळा घडतं आणि आपल्या ध्यानीमनीही नसतं. मला अजूनही यापुढे हात जोडावेसे वाटतात.

मामांना हे नुसतं सांगून पटणार नव्हतं. म्हणून मेणाची एक पातळ, मऊ पट्टी त्यांच्या खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांवर बसवली आणि म्हटलं, "मामा, गिळू नका, दात मिटू नका, नुसतं बोला. कालचं कीर्तन सांगा." त्यांनी दोन-तीन मिनिटं चोखोबांची गोष्ट सांगितली, हातवारे करत, खुर्चीच्या पाठीला पाठ न टेकवता. आरसा लावून त्यांनाच दाखवलं. मेण होतं तसं, एक ओरखडा नाही. मग म्हटलं, "आता गिळा." दात मिटले आणि मेणात खणकन खाच पडली. मामा आरशात बराच वेळ पाहत राहिले. "म्हणजे बोलताना लागतच नाहीत?" लागत नाहीत. लागतात ते चावताना आणि गिळताना, आणि तेही थोडा थोडा वेळ. निरोगी माणसाच्या तोंडात दाताला दात लागण्याची दिवसभराची बेरीज वीस मिनिटांच्याही आत भरते असा एक जुना अंदाज आहे. त्याहून जास्त लागत असतील तर तिथे काहीतरी वेगळं चाललेलं असतं.

ते वेगळं काय, हे दातांवरच लिहिलेलं असतं. जबडा उजवीकडे सरकवायला सांगितला. खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या टोकाशी आला आणि दोघांच्या झिजलेल्या, चकचकीत उतारांचं पृष्ठ असं जुळलं की मध्ये कागदाचा कपटा जाईना. डावीकडेही तेच. मधल्या रेषेपासून पाच-सहा मिलिमीटर बाजूला जबडा नेऊन कुणी बोलत नाही, घासही चावत नाही. तिथे दात घासतात ते झोपेत. मी तिथूनच मामींना फोन लावला. "मामी, मामा रात्री दात खातात का?" पलीकडून लगेच उत्तर आलं, "खातात म्हणजे? जात्यावर बसल्यासारखे खातात. मी कापूस घालून झोपते. तुला कुणी सांगितलं?"

दात खाणं. काय शब्द आहे! रागाने माणूस दात-ओठ खातो, झोपेत नुसतेच दात खातो, आणि खरोखर खातोच. लहान मुलाने झोपेत दात खाल्ले की पोटात जंत झाले म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि मोठ्या माणसाने खाल्ले तर कुणीच काही म्हणत नाही.

एवढ्यावर माझं निदान संपलं असतं, पण मामांच्या खालच्या दाढांनी मला अडवलं. दाढांच्या उंचवट्यांवर वाटीसारखे गुळगुळीत खळगे पडले होते आणि एक जुनं चांदीचं फिलिंग भोवतालच्या दातापेक्षा वर उभं राहिलं होतं. ही घासण्याची खूण नव्हे. घासलं असतं तर फिलिंगही सोबत घासलं गेलं असतं. हे आम्लाचं काम. तोंडातली आम्लता वाढून पीएच साडेपाचच्या खाली उतरला की इनॅमल विरघळू लागतं, आणि मऊ पडलेला दात रात्री घासला की झीज आणखी वेगाने पळते. मिश्रीचा प्रश्नच नव्हता, माळकरी माणूस. चिंच नाही, कोल्ड्रिंक नाही. पित्त? "एकादशीला थोडं होतं." ते पुरेसं वाटेना. मग विचारलं, "कीर्तनात घसा कोरडा पडला की काय करता?"

मामांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली. आवळा सुपारी.

चाळीस वर्षं, दोन-दोन तास, गालात आवळ्याची आंबट फोड. एवढा वेळ मोठ्याने बोललं की तोंड कोरडं पडतं, लाळ आटते. लाळ ही दाताची राखणदार. आम्ल मारते, दातावर पातळ थर धरते, विरघळलेलं खनिज थोडं परतही देते. ती नसताना आंबट फोड गालात बसलेली. म्हणजे मामांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कीर्तनाचा आणि झिजेचा संबंध होता, फक्त तो जबड्याच्या हलण्यातून आलेला नव्हता, कोरड्या तोंडातून आला होता. मी तसं त्यांना सांगितलं, तेव्हा चेहऱ्यावरचा ताण गेला. आपल्या सेवेनेच आपले दात नेले, हे त्यांना मनातून लागलं असावं. आता ते साध्या पाण्याचा तांब्या शेजारी ठेवतात.

आता शिट्टीचं. 'स' म्हणताना जिभेच्या मधोमध एक बारीक पन्हाळ होते, तिच्यातून हवेची धार निघते आणि पटाशीच्या दातांच्या कडांवर आदळते. तो सिसकारा त्या आदळण्याचा आहे. कडा धारदार आणि जागच्या जागी असतील तर 'स' स्वच्छ निघतो. कडा वर गेल्या, जाड आणि बोथट झाल्या, की धार चुकते. मग जबडा आपण होऊन वाट शोधतो: जास्त वर चढतो, किंचित पुढे सरकतो, खालच्या कडेला वरच्या कडेजवळ नेऊ पाहतो. मामांचा जबडा 'स' म्हणताना पुढे सरकताना मला समोरून दिसत होता. हे त्यांनी शिकून केलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं दात मिलिमीटरच्या दहाव्या भागाने कमी होत गेले आणि जबडा तेवढाच जास्त चालत गेला. कानाला आपला जुना 'स' हवा असतो, आणि जबडा कानाचं ऐकतो.

मराठीत तर हे आणखी नाजूक आहे. आपले च आणि ज दोन दोन. 'चार' मधला तालव्य, जनावराच्या 'चारा' मधला दंततालव्य. 'माझी' आणि 'माझा' हे तर एकाच शब्दाचं रूप, तरी जीभ दोन ठिकाणी जाते. लिहिताना फरक नाही, बोलताना चुकलं तर लगेच खटकतं. दंततालव्य म्हणताना जीभ दातांच्या मुळाशी टेकून सुटते आणि सुटताना थोडा 'स'च बाहेर पडतो. मामा 'माझा विठ्ठल' म्हणायचे तेव्हा 'झा' ला वारं सुटायचं. इंग्रजी पुस्तकं वाचून शिकलेल्या मला हे कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. माझ्या केसपेपरमागे हाताने लिहिलेली एक यादी आहे, तीच मी वापरते: चार-चारा, माझी-माझा, सासवड, सासूबाई, आणि साठ ते सत्तर आकडे.

आकडे का, ते सांगते. झिजलेले दात परत उंच करायचे तर किती करायचे, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न. वाटतं की जेवढं झिजलं तेवढं भरून द्यावं. तसं नसतं. दात झिजतो तसा तो हाडासकट हळूहळू वरही येत राहतो, समोरच्या दाताला गाठायला. त्यामुळे दात अर्धे झाले तरी चेहऱ्याची उंची कित्येकदा तेवढीच राहते, आणि मग नवी उंची ठेवायला जागाच नसते. टर्नर आणि मिसर्लियन या दोघांनी १९८४ साली झिजलेल्या तोंडांचे जे तीन गट पाडले, ते याच प्रश्नावर: चेहऱ्याची उंची गेली आहे, गेली नाही पण जागा आहे, की गेलीही नाही आणि जागाही नाही. आणि हे ओळखायचं कशावरून? बोलण्यावरून. मेयर सिल्व्हरमन या अमेरिकन दंतवैद्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ही रीत मांडली. पेशंटने दात मिटले की वरच्या दाताची कड खालच्या दातावर जिथे येते तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. मग त्याला 'येस' म्हणायला लावायचं आणि 'स'च्या क्षणी कड जिथे येते तिथे दुसरी रेघ मारायची. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे बोलताना उरणारी फट. इंग्रजीत पेशंटकडून साठ-सत्तरच्या दरम्यानचे आकडे किंवा 'मिसिसिपी' म्हणवून घेतात. आपल्या भाषेला तर याची ददातच नाही. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. जणू कुणी आमच्याच धंद्यासाठी हे आकडे घडवून ठेवले आहेत. माझ्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या माणसाला आतून दिवसभर हेच ऐकू येतं.

मामांनीही आकडे म्हटले. सावकाश, एकेक सुटा, शाळेत उभं केल्यासारखे. दोन रेघांत चार मिलिमीटर भरले. मी हिशेब केला: चारातले तीन द्यायचे, एक फट ठेवायची. त्या मापाची काढता-घालता येणारी अ‍ॅक्रिलिकची प्लेट करून दिली. थोडे आठवडे ती वापरून पाहायची आणि मगच कॅपना हात लावायचा. दवाखान्यात पुन्हा आकडे म्हणवून घेतले. सगळं ठीक.

पुढच्याच आठवड्यात सप्ताहात कीर्तन होतं. पहिला अर्धा तास बरा गेला. मग मामा रंगात आले, बोलण्याचा वेग वाढला, आणि माइकमधून टक् टक् असा आवाज मंडपभर जाऊ लागला. प्रत्येक 'स'ला दात प्लेटवर आपटत होते. विणेकरी वळून पाहू लागले. मामांनी प्लेट काढून रुमालात बांधली आणि कीर्तन पुरं केलं. दुसऱ्या दिवशी एसटीने वाईला आले. एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणाले एवढंच, "मृदुंगाच्या मध्ये माझाच ठेका यायला लागला गं."

चूक माझी होती आणि ती मला आजही बोचते. मी खुर्चीत बसवलेल्या माणसाचा जबडा मोजला, कीर्तनकाराचा मोजलाच नाही. माप घेतंय कळल्यावर माणूस जपून बोलतो, जबडा हात राखून वर येतो. ओघात आला की तोच जबडा आणखी वर चढतो. बोलण्याची फट ओघातच मोजायची, हे मला शिकवलं गेलं होतं. मी घाई केली.

त्या दिवशी मी दुपारचे सगळे पेशंट पुढे ढकलले. मामांना खुर्चीतून उठवून उभं केलं, कारण ते उभे राहूनच बोलतात. चिपळ्या नव्हत्या, म्हणून हातात दोन चमचे दिले. आणि म्हटलं, करा कीर्तन. पाच मिनिटं ते माझ्याकडे पाहत बोलले, मग विसरले. दहाव्या मिनिटाला आमची रिसेप्शनवरची मुलगी दारात येऊन उभी राहिली, तिच्या मागे दोन पेशंट. मी गुडघ्यावर बसून, हनुवटीच्या पातळीला डोळे आणून, फक्त ती पेन्सिलीची रेघ पाहत होते. ओघातली फट तीन मिलिमीटर होती. चार नव्हे, तीन.

प्लेट एका मिलिमीटरने उतरवली. टकटक थांबली. उंचीतले दोन मिलिमीटर असे मिळाले, बाकीची उंची हिरडी आणि थोडं हाड मागे घेऊन, म्हणजे दाताचा झाकलेला भाग उघडा करून मिळवली. मधले तीन-चार महिने तात्पुरत्या कॅपवर काढले. पहिले आठ दिवस 'स' जाड यायचा, मग जबड्याला नवी कड सापडली आणि तो पुढे सरकायचा थांबला. हे मी काही केलं नाही, त्याने केलं.

विठ्ठलचा 'वि' मात्र पहिल्याच दिवशी सुटला. मराठीतला 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेशी जातो. मामांची कड साडेतीन मिलिमीटर वर गेलेली, म्हणून ओठ शोधत बसायचा. कड खाली आली आणि ओठाला आपलं ठिकाण मिळालं.

याच 'व' आणि 'फ'वरून एक मोठा वाद झालेला आहे, तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार्ल्स हॉकेट या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९८५ साली म्हटलं की ओठ दातांना लावून काढायचे आवाज माणसाच्या भाषांत उशिरा रुळले, शेती आणि मऊ शिजवलेलं अन्न आल्यावर. शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्यांचे दात चरबट खाऊन झिजत आणि मोठेपणी वरच्या-खालच्या कडा एकावर एक येत. मग ओठ दाताला लावायचा तर कष्ट पडतात. लोरिंग ब्रेस या मानववंशशास्त्रज्ञाने हरकत घेतली आणि हॉकेट यांनी माघार घेतली. पुढे २०१९ साली झुरिकच्या विद्यापीठातल्या ब्लासी, बिकेल आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात तेच पुन्हा मांडलं. वरचे दात किंचित पुढे असतील तर या आवाजांना २९ टक्के कमी जोर लागतो, असं त्यांना जबड्याच्या संगणकी प्रतिकृतीत दिसलं. यावर भाषावाल्यांचं एकमत नाही. पण मी मामांचा ओठ दात शोधताना पाहिला आहे, त्यामुळे मला त्यात तथ्य वाटतं. आपला 'फ' वर्णमालेत प-वर्गातला, दोन ओठांचा. मामा फळ, फूल, फुगडी अजून तसंच म्हणतात. माझा मुलगा तिन्ही शब्दांना दात ओठावर टेकवतो. एका घरात दोन फ.

आजी सांगायची, जात्याला टाकी लावली की पहिलं पीठ गुरांना घालायचं, कारण भाकरी कचकचते. तिच्या पिढीच्या दाढा मी आठवून पाहते तेव्हा सगळ्या सपाट दिसतात. आता तसे दात फार थोडे येतात. येतात ते मामांसारखे, रात्री झिजलेले.

मामांना रात्रीसाठी नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, दिलं आहे. परवा सहा महिन्यांनी ते तपासणीला घेऊन आले. उजेडात धरलं तर दोन्ही बाजूंना, सुळ्यांच्या जागी, चकचकीत रेघोट्यांचे पट्टे उठलेले. मी म्हटलं, "मामा, हे बघा, तुमची रात्र." त्यांनी बोट फिरवून पाहिलं. मग पुन्हा पेन्सिल घेतली आणि पुन्हा त्यांना उभं केलं. या वेळी चमचे नको म्हणाले. चिपळ्या सोबत आणल्या होत्या.